भाषण ऐकलंत? आता ते उकला!

संविधान सभेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं समारोपाचं भाषण वापरतात सगळे, वाचतात थोडे. ते एका पानात कसं उकलायचं, याची ही घरगुती शिकवणी!

राजकारणातल्या भक्तीबद्दलचं बाबासाहेबांचं ते वाक्य तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी येऊन पडलं असेल. निळ्या रंगावर फोटो, खाली दोन ओळी आणि पाठवणाऱ्याचे जोडलेले हात. निवडणुका जवळ आल्या की हे वाक्य जोरात फिरतं. मोर्चे, बंद, रास्ता रोको सुरू झाले की मात्र त्याच भाषणातलं दुसरंच वाक्य बाहेर निघतं, 'अराजकाचं व्याकरण'वालं. आणि २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, शाळेच्या स्टेजवर एखादी सातवीतली मुलगी सामाजिक समतेबद्दलचं तिसरं वाक्य खणखणीत म्हणून टाळ्या घेऊन जाते.

तिन्ही वाक्यं एकाच भाषणातली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या. एकापाठोपाठ एक आलेले ते तीन इशारे आहेत. पण गंमत बघा, आंदोलनाबद्दलचा इशारा सत्तेवर बसलेल्यांना प्रिय. भक्तीबद्दलचा इशारा सत्तेबाहेर असलेल्यांना प्रिय. खुर्च्यांची अदलाबदल झाली की इशाऱ्यांचीही होते! तिसऱ्याला कुणी विरोध करत नाही, म्हणून त्याच्यावर कुणी बोलतही नाही. तो टाळ्यांपुरता.

भाषणाचे असे तुकडे का पडतात? कारण ते काय सांगतं, एवढंच आपण बघतो. ते समोरच्या माणसाला कुठून कुठे घेऊन जातं, हे बघायची सवय आपल्याला कुणी लावलेलीच नसते. ही सवय लावणारा अभ्यासाचा एक प्रकार आहे. इंग्रजीत त्याला 'रिटोरिकल ॲनालिसिस' म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या वर्गात तो हमखास करून घेतात. भाषण, अग्रलेख, जाहिरात किंवा पत्र घ्यायचं आणि एक-दोन पानांत ते उकलून दाखवायचं. तिकडे शिकायला गेलेली आपली हुशार मुलं इथे अडखळली, तर नवल नाही. सारांश, मध्यवर्ती कल्पना आणि रसग्रहण, या तिन्हींत आपण त्यांना तयार केलेलं असतं. हे चौथंच काहीतरी असतं.

आईचं एक वाक्य

समजा, मुलगा म्हणाला, 'मित्रांबरोबर गोव्याला जाऊ?' आणि आई म्हणाली, 'बघ बाबा, तुझं तू ठरव. मी काही म्हणणार नाही.'

सारांश लिहायचा तर 'आईने निर्णय मुलावर सोपवला.' रसग्रहण करायचं तर 'आईच्या साध्या, घरगुती शब्दांतून तिची व्याकुळता व्यक्त होते.' पण घरातल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं, की गोवा रद्द झालेला आहे! शब्दांचा अर्थ परवानगीचा, शब्दांचं काम मनाईचं. आणि हे काम झालं कसं? 'बाबा' या शब्दाने, 'मी काही म्हणणार नाही' या म्हणण्याने, आणि त्यामागे उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या नात्याने. हेच वाक्य शेजारच्या काकूंनी म्हटलं असतं, तर पोरगा बॅग भरायला लागला असता!

शब्दांनी काय काम केलं आणि ते कशाच्या बळावर, एवढाच या उकलीचा प्रश्न. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने पटवून देण्याची तीन बळं सांगितली. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या मनात उठणारी भावना आणि मुद्द्यातला दम. ग्रीक नावं पाठ करायची काही गरज नाही. बाजारात भाव करणाऱ्या कुठल्याही बाईला ही तिन्ही बळं अवगत असतात. 'नेहमीचं गिऱ्हाईक आहे' ही पत, 'सकाळपासून वणवण फिरतेय' ही भावना आणि 'पलीकडचा तीसने देतोय' हा मुद्दा.

आता बाबासाहेबांच्या भाषणाकडे येऊ. पण त्याआधी एक अट. भाषण आख्खं वाचायचं. ते इंग्रजीत झालं होतं. संविधान सभेच्या इतिवृत्तात ते आहे आणि महाराष्ट्र सरकारने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या मालिकेत तेराव्या खंडातही आहे. फॉरवर्ड वाचून उकल करणं म्हणजे ट्रेलर बघून सिनेमाचं परीक्षण लिहिणं.

मतं तर खिशात होती!

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा की कोण, कुणाला, कधी, आणि बोलून मिळवायचं काय होतं?

बोलणारे मसुदा समितीचे अध्यक्ष आणि देशाचे कायदेमंत्री. ऐकणारे संविधान सभेचे सदस्य, त्यांत मोठी संख्या काँग्रेसची. त्यांतले कितीतरी जण सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आलेले. गांधीजींना जाऊन दोन वर्षंही झालेली नव्हती. आणि दिवस कुठला? संविधान मंजूर होण्याच्या आदला. कलम-न्-कलम घासून झालेलं. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, मंजुरी मिळणार हे उघड होतं.

इथेच उकलीचा धागा हाताला लागतो. मतं मिळवायची नव्हती. ती मिळाल्यातच जमा होती. मग एवढं लांब भाषण कशासाठी? सभागृह आनंदात होतं, काम फत्ते झालं होतं. अशा वेळी वक्ता आभार मानतो, दोन गोड शब्द बोलतो आणि खाली बसतो. बाबासाहेबांनी तेही केलं. पण फक्त अर्ध्या भाषणात.

नारदीय कीर्तन ऐकणाऱ्यांना पूर्वरंग आणि उत्तररंग माहीत असतात. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. या भाषणाचेही सरळ दोन भाग पडतात. मात्र कीर्तनात उत्तररंग रंजक असतो. इथे रंजन आहे ते पूर्वरंगात!

पूर्वरंगात हिशेब आहे. अगदी मुनीमजींच्या वहीतला. सभेची अकरा सत्रं झाली. कामकाज १६५ दिवस चाललं, त्यांतले ११४ मसुद्यावरच्या चर्चेचे. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, प्रत्यक्षात २,४७३ मांडल्या गेल्या. अखेरच्या मसुद्यात ३९५ कलमं, ८ परिशिष्टं. फार वेळ लावला, फार पैसा घालवला, अशी तेव्हा टीका होत होती. तिला बाबासाहेब चिडून उत्तर देत नाहीत. ते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशी यादी काढतात. कुणाला किती वेळ लागला, कुणाची कलमं किती. अमेरिकेने चार महिन्यांत आटोपलं, हेही लपवत नाहीत. पण तिचं संविधान केवढंसं आणि आपलं केवढं, हे लगेच शेजारी ठेवतात. हे मुद्द्याचं बळ. सभागृहाने टीका ऐकलेली होती, आकडे ऐकलेले नव्हते.

मग थोडी फिरकी. नझीरुद्दीन अहमद या सदस्यांनी मसुदा समितीला, म्हणजे 'ड्राफ्टिंग कमिटी'ला, 'ड्रिफ्टिंग कमिटी' असं नाव ठेवलं होतं. प्रवाहात वाहवत जाणारी ती ड्रिफ्टिंग! बाबासाहेबांनी ते नाव नाकारलं नाही. वाहवत जाणं दोन प्रकारचं असतं, असं ते म्हणाले. एक, सुकाणू हातात नसलेलं, दुसरं, असलेलं. समिती मासा लागला तर लागला म्हणून गळ टाकून बसली नव्हती. ओळखीच्या पाण्यात हवा तो मासा शोधत होती. विरोधकाने मारलेला चेंडू त्याच्याच मैदानात परत! अशा ठिकाणी आपल्याकडचा विद्यार्थी 'येथे रूपक अलंकार आहे' असं लिहितो आणि पुढे जातो. रूपक आहे, कबूल. पण त्याने केलं काय? टिंगल झालेल्या समितीला टिंगलीच्याच शब्दांत सन्मान मिळवून दिला, सभागृहाला हसवलं आणि वक्त्याला राग येत नाही, हेही दाखवलं. अलंकाराचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल, हे मात्र लिहा.

पूर्वरंगातली तिसरी गोष्ट म्हणजे श्रेय वाटणं. आपण सभेत आलो ते अनुसूचित जातींच्या हितरक्षणासाठी, त्याहून मोठी आकांक्षा नव्हती, असं ते सांगतात. मसुदा समितीवर निवड झाली तेव्हा आश्चर्य वाटलं, अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा जास्तच. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारखी अधिक योग्य माणसं समितीत होती. श्रेय घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचं, मसुदा लिहिणाऱ्या एस. एन. मुखर्जींचं. काँग्रेस पक्षाच्या शिस्तीचं कौतुक होतं आणि लगेच शिस्त मोडून बोलणाऱ्या बंडखोरांचंही! ह. वि. कामत, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शाह अशांची नावं घेऊन. तुम्ही नसता तर चर्चा फार रूक्ष झाली असती, असा त्याचा सूर.

हा नम्रपणा खरा होता का? माझ्या मते खराच होता. पण उकल करणाऱ्याने तिथे थांबायचं नसतं. तो नम्रपणा भाषणात काय काम करतो, हे बघायचं. ज्या माणसाने सगळं श्रेय वाटून टाकलं, स्वतःच्या पदरात काही ठेवलं नाही, तो पुढे कडू बोलला तर 'स्वतःची टिमकी वाजवतोय' असं म्हणायला जागाच राहत नाही. पत अशी कमावतात. आणि ती खर्च करायची वेळ लगेचच आली.

इथे थांबता आलं असतं

भाषणाचा सांधा अगदी स्पष्ट आहे. मी इथेच थांबू शकलो असतो, असं बाबासाहेब म्हणतात. पण देशाच्या भवितव्याने मन इतकं भरून गेलंय, की काही विचार बोलून दाखवलेच पाहिजेत. म्हणजे नेमून दिलेलं काम संपलं, आता कुणी न सांगितलेलं काम सुरू. इथपासून हिशेब संपतो, मासे संपतात, हसू संपतं. आकड्यांच्या जागी प्रश्न येतात.

आणि इथे भाषणातली सर्वांत देखणी रचना आहे. ती आख्खं भाषण वाचल्याशिवाय दिसतच नाही. २६ जानेवारी १९५० ही तारीख. प्रजासत्ताक होण्याची. सभागृह जिच्याकडे डोळे लावून बसलं होतं, ती. उत्तररंगात बाबासाहेब ती तारीख तीनदा उच्चारतात.

पहिल्यांदा, त्या दिवशी भारत स्वतंत्र देश असेल. इतिवृत्तात इथे कंसात हर्षध्वनीची नोंद आहे. आणि तो विरायच्या आत पुढचा प्रश्न. त्या स्वातंत्र्याचं काय होईल? देश ते टिकवील की पुन्हा गमावील? मग फितुरीची उजळणी. सिंधमध्ये राजा दाहिरचे लाच खाल्लेले सेनापती. जयचंद. शिवाजी महाराज लढत होते तेव्हा मोगलांच्या बाजूने लढणारे मराठे सरदार आणि राजपूत राजे. शिखांचं राज्य बुडत असताना गप्प बसलेला गुलाबसिंग. इतिहासाची पुनरावृत्ती होईल का?

दुसऱ्यांदा, त्या दिवशी भारत लोकशाही देश असेल. पुन्हा तोच विचार. लोकशाही आपल्याला नवी नाही. बौद्ध भिक्खू संघात बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम होते. ते आपण गमावलं. पुन्हा गमावणार का?

तिसऱ्यांदा तारीख येते ती त्या प्रसिद्ध जागी. त्या दिवशी आपण एका विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत. राजकारणात समता, समाजात आणि अर्थकारणात विषमता. इथे प्रश्नसुद्धा आधी येत नाही, थेट निदान येतं. मग 'किती काळ?' असं दोनदा. आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक सभेने एवढ्या कष्टाने उभारलेली इमारत उडवून देतील, हा शेवट.

तीच तारीख, तीन वेळा. पहिल्यांदा ती ऐकताना सभागृह आनंदलं. तिसऱ्यांदा येईपर्यंत तिचं वजन बदललेलं होतं. सणाच्या तारखेचं कर्जफेडीच्या तारखेत रूपांतर! हे वक्तृत्वाचं काम. त्यासाठी आवाज चढवावा लागला नाही की कुणाला नावं ठेवावी लागली नाहीत.

भक्ती शब्द आला कुठून?

दुसऱ्या आणि तिसऱ्या उच्चाराच्या मध्ये ते तीन इशारे आहेत. पहिला ऐकणाऱ्यांना सगळ्यांत झोंबणारा होता. सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह सोडा, असं सत्याग्रहींनाच सांगायचं होतं! मग बाबासाहेब आधी एक गोष्ट मान्य करतात. घटनात्मक मार्ग बंद होते तेव्हा त्या मार्गांना समर्थन होतं. आता मार्ग उघडे आहेत, आता नाही. कालच्या तुरुंगवासाचा मान राखून आजचा रस्ता बदलायला सांगितलं. आणि सांगणारा कोण? १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर आणि १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह उभा करणारा. या गोष्टींचा भाषणात उल्लेख नाही. गरजही नव्हती. ऐकणाऱ्यांना त्या ठाऊक होत्या. पत अशी न बोलताही बोलते.

उकल करताना कमकुवत जागाही दाखवायला हरकत नाही. 'मार्ग उघडे आहेत' हा या इशाऱ्याचा खांब. ज्यांना ते कागदावर उघडे आणि प्रत्यक्षात बंद सापडतील, त्यांनी काय करायचं? या इशाऱ्यात त्याचं उत्तर नाही. पण तिसऱ्या इशाऱ्यात त्याची जाणीव पुरेपूर आहे. विषमतेने पोळलेले लोक काय करतील, ते तिथे सांगितलंय. म्हणून पहिला इशारा तिसऱ्याशिवाय वाचणं म्हणजे अर्धी औषधाची चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे जाणं.

दुसरा इशारा भक्तीचा. सुरुवात होते जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताच्या सावधगिरीने. कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायावर वाहू नका. मग आयर्लंडचे देशभक्त डॅनियल ओकॉनेल. कृतज्ञतेलाही मर्यादा असतात, हे सांगायला. थोरांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर नाही, हे बाबासाहेब आधीच मान्य करून टाकतात. म्हणजे इथेही आधी ऐकणाऱ्याचं मन राखलं. आणि मग 'भक्ती'. इंग्रजी भाषणात हा शब्द आपल्या भाषेतलाच ठेवलेला. धर्मात ती आत्म्याला मोक्षाकडे नेऊ शकते, राजकारणात तीच अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. एकच रस्ता, दोन मुक्काम. देवाच्या भक्ताला दुखावलं नाही. त्याचा शब्द उसना घेतला आणि तो चुकीच्या देवळात वाहू नका, एवढंच सांगितलं. मिल आणि ओकॉनेल यांनी बुद्धी पटली असती. अंगाला चटका बसतो तो या एका देशी शब्दाने.

तिसऱ्या इशाऱ्यात बंधुतेचा मुद्दा येतो आणि एक छोटी गोष्ट येते. जेम्स ब्राइस या लेखकाकडून घेतलेली. अमेरिकेत एका चर्चने प्रार्थनेत 'आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे' असे शब्द घातले. लोकांनी हरकत घेतली. 'राष्ट्र' म्हणजे फार एकजिनसी झालं! मग 'या संयुक्त संस्थानांना आशीर्वाद दे' असं करावं लागलं. अमेरिकेला जर स्वतःला राष्ट्र म्हणवताना संकोच वाटला, तर हजारो जातींत विभागलेल्यांनी स्वतःला राष्ट्र कसं म्हणवावं? जाती राष्ट्रविरोधी आहेत, हे कडवट वाक्य या गोष्टीच्या मागून येतं. थेट आलं असतं तर सभागृहात गलका झाला असता. गोष्टीच्या पाठीवर बसून आलं, म्हणून पोहोचलं.

आता एक पान

एवढं सगळं लक्षात आलं, तरी एका पानात मावणार नाही. माववूही नये. छोट्या उकलीचं पहिलं पथ्य म्हणजे एकच दावा करायचा आणि तो पहिल्या दोन-तीन वाक्यांत करायचा. 'या भाषणात बाबासाहेबांनी विविध युक्त्या प्रभावीपणे वापरल्या आहेत' हा दावा नव्हे. हे वाक्य कुठल्याही भाषणाला चिकटवता येतं, हरवलेल्या चावीसारखं. ज्याच्याशी कुणी असहमत होऊ शकेल, असं वाक्य हवं. दुसरं पथ्य क्रियापदांचं. 'म्हणतात', 'सांगतात' यांनी सारांश होतो. 'मान्य करतात', 'वळवतात', 'रोखून धरतात' यांनी उकल होते. आणि तुमचं मत, म्हणजे भाषण बरोबर की चूक, थोर की सामान्य, हे बाजूला. ते वेगळ्या निबंधाचं काम.

नमुना म्हणून हे घ्या. परीक्षकाने दहापैकी किती द्यावेत, ते तुम्हीच ठरवा!

'२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांना कुणाचं मत जिंकायचं नव्हतं. संविधानाची मंजुरी निश्चित होती. त्यांच्या भाषणाचा उद्देश त्या मंजुरीचा अर्थ बदलणं हा आहे. काम संपल्याच्या आनंदात असलेल्या श्रोत्यांना, काम आता सुरू होत आहे, या जाणिवेपर्यंत ते आणतात. त्यासाठी आधी स्वतःची विश्वासार्हता उभी करतात आणि नंतर श्रोत्यांच्याच आनंदाच्या तारखेला प्रश्नाचं रूप देतात.

'भाषणाच्या पूर्वार्धात आकडेवारी, विनोद आणि श्रेयवाटप आहे. विलंबाच्या टीकेला ते इतर देशांशी तुलना करून उत्तर देतात, "ड्रिफ्टिंग कमिटी" या टोमण्याला तोच शब्द वळवून. श्रेय ते सहकाऱ्यांना, अधिकाऱ्यांना आणि विरोधात बोललेल्या सदस्यांनाही देतात. परिणामी उत्तरार्धातल्या कठोर बोलण्यामागे वैयक्तिक हेतू शोधणं श्रोत्याला अवघड जातं.

'उत्तरार्धात २६ जानेवारी १९५० या तारखेचा तीनदा उच्चार होतो. पहिल्या दोन वेळी तिच्यामागे प्रश्न येतो, तिसऱ्या वेळी निदान. या पुनरुक्तीमुळे उत्सवाची तारीख हळूहळू जबाबदारीची होते. याच टप्प्यावर समितीबद्दलचं बोलणं मागे पडून "आपण" पुढे येतं. श्रोते आता न्यायाधीश राहत नाहीत, वाटेकरी होतात.

'इशारे देताना प्रत्येक वेळी आधी सवलत दिली जाते. सत्याग्रहाचं पूर्वीचं समर्थन, थोरांबद्दलच्या कृतज्ञतेचं औचित्य. मान्य करून मग मर्यादा घालण्याच्या या पद्धतीमुळे सत्याग्रही श्रोत्यांना आपला भूतकाळ न नाकारता वक्त्याचं म्हणणं स्वीकारता येतं. राजकीय लोकशाही पुरेशी नाही, या तिसऱ्या इशाऱ्यात मात्र अशी सवलत नाही. भाषणाचा सगळा भार त्यामुळे तिथेच येऊन पडतो.'

बस्स. यात बाबासाहेब 'महामानव' आहेत असं कुठे लिहिलेलं नाही आणि त्याने भाषणाची उंची तसूभरही कमी होत नाही. उलट शेवटचा मुद्दा बघा. तिसऱ्या इशाऱ्यात सवलत नाही, हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये सापडणार नाही. तिन्ही इशारे शेजारी ठेवले तरच ते दिसतं.

थोरांचं भाषण असं चिरायला बसणं हा अनादर आहे, असं काही घरांत वाटतं. विशेषतः ज्या घरात तो फोटो देवघराशेजारी असतो, तिथे. ही भावना समजण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेला मान ज्यांच्यामुळे मिळाला, त्यांच्या शब्दाला पेन्सिल कशी लावायची? पण हे भाषण करणाऱ्याने स्वतः काय केलं, तेही बघावं. मिल, ओकॉनेल, जेफरसन, लिंकन. सगळ्यांना त्यांनी आधी उकललं, मग कामाला लावलं. नमस्कार करून कपाटात ठेवलं नाही.

मुलांना एकदम या भाषणावर बसवू नका. वयाने लहान असतील तर साबणाची जाहिरात द्या. कुणाला सांगितलंय, कशाची भीती घातलीय, डॉक्टरचा पांढरा कोट कशाला? आठवी-नववीतल्यांना वर्तमानपत्राचा अग्रलेख. कॉलेजात गेलेल्यांना १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचं नेहरूंचं भाषण किंवा ८ ऑगस्ट १९४२ चं गवालिया टँकवरचं गांधीजींचं. आणि मोठ्यांनी सराव करायचा असेल, तर सोसायटीच्या फलकावर लावलेली पाणीकपातीची नोटीस आहेच. 'सर्व सुज्ञ सभासदांना नम्र विनंती' या पाच शब्दांत सेक्रेटरींनी कुणाकुणाला टोमणा मारलाय, ते एका पानात लिहून बघा. पान पुरत नाही!